मॉडिफाय केलेली मोटरसायकल विकताना योग्य भाव कसा मिळवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नोंदणी, आवाज आणि दिव्यांचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून कायद्याचा मुद्दा येईल तिथे तुमच्या नोंदणी कार्यालयाचा शब्द अंतिम माना.

१. गाडीवर इतका खर्च केला आहे. तो विक्रीच्या किमतीत का मिळत नाही?

कारण घेणारा तुमचं बिल विकत घेत नाही, तो गाडी विकत घेतो. हँडल, सीट, रंग या गोष्टी तुमच्या उंचीला, तुमच्या रस्त्यांना आणि तुमच्या आवडीला जुळवून बसवलेल्या असतात. त्याला त्यातलं निम्मंही नको असू शकतं. मजुरी तर कधीच परत येत नाही. याहून मोठं कारण म्हणजे शंका. कंपनीतून आली तशी गाडी कुठलाही मेकॅनिक ओळखतो. बदललेल्या गाडीत कोणी, काय, कसं केलं हे घेणाऱ्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे तो किमतीतून कापून ठेवतो. म्हणून भाव वाढवण्याचा खरा मार्ग ही शंका एकेक करून दूर करणं हाच आहे. खालची बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत.

२. मग किंमत ठरवायची कशी?

आधी त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि साधारण तेवढ्याच किलोमीटरच्या, काहीही न बदललेल्या गाड्यांच्या आठ-दहा जाहिराती गोळा करा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त बाजूला काढा. उरलेल्यांतली मधली किंमत हा तुमचा पाया. पण जाहिरातीतली किंमत ही मागणी असते, सौदा नव्हे. त्या जाहिराती दोन-तीन आठवडे पाहत राहा. ज्या पटकन निघून जातात त्यांची किंमत खऱ्या भावाच्या जवळ असते, ज्या महिनोन्महिने लटकतात त्यांची नसते.

मग प्रत्येक बदल वेगळा धरून बेरीज-वजाबाकी करा. पायाची किंमत १०० धरून एक उदाहरण पाहू (आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत). सामानाच्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा नवीन १४ ला घेतला होता, जुन्या बाजारात तो ७ ला जातो. गाडीसोबत त्याचे ५ धरा. चांगल्या प्रतीचा मागचा शॉकअॅब्सॉर्बर १२ चा, जुना ६ ला विकला जातो, त्याचे ४. टायर जवळजवळ नवे, त्याचे २. चेन-स्प्रॉकेट संपत आले आहेत, वजा ३. टाकीचा झगमगीत रंग सगळ्यांना आवडेल असा नाही, वजा ४. हिशोब १०४ वर येतो. चौकशी करणाऱ्याला हा हिशोब कागदावर दाखवता आला की बोलणं तुमच्या खर्चाऐवजी गाडीवर राहतं.

नियम एवढाच: कुठल्याही पार्टची किंमत, तो सुटा करून जुन्या बाजारात जेवढ्याला जाईल त्यापेक्षा जास्त धरू नका.

३. कोणत्या बदलांना भाव मिळतो आणि कोणते भाव पाडतात?

भाव मिळतो तो कामाला येणाऱ्या आणि नट-बोल्टवर निघणाऱ्या वस्तूंना: नावाजलेल्या कंपनीचं सस्पेन्शन, स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज, क्रॅश गार्ड, इंजिनखालची प्लेट, सामानाच्या पेट्या, विंडशील्ड, मधला स्टँड. यांतली कुठलीही वस्तू काढली तर गाडी होती तशी होते.

तटस्थ वस्तू म्हणजे आरसे, ग्रिप, लिव्हर, छोटे इंडिकेटर. त्यांची किंमत शून्य धरा. मूळ वस्तू जवळ असतील तर सोबत देऊन टाका.

भाव पाडणाऱ्यांत सगळ्यात वर कापलेली चेसी येते (प्रश्न ९), मग हौशी हातानं केलेली वायरिंग (प्रश्न ६), इंजिनात केलेले नोंद नसलेले बदल आणि अतिरुंद मागचा टायर. या टायरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण विकणाऱ्याला तो गुण वाटतो. रिम तीच ठेवून त्यावर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो, वळणावर गाडी नीट कलत नाही आणि काही गाड्यांत टायर चेनला घासतो. जाणकार घेणारा टायरच्या कडेवर घासल्याची चमकदार रेघ शोधतोच.

४. मूळ पार्ट परत बसवून विकू की आहे तशीच?

मूळ पार्ट तुमच्याकडे असतील आणि काम एक-दोन दिवसांत होणारं असेल, तर बहुतेक वेळा मूळ अवस्थेत आणून विकणं आणि बसवलेले पार्ट सुटे विकणं जास्त पैसे देतं. कंपनीच्या रूपातल्या गाडीला गिऱ्हाईक जास्त असतात, तर सायलेन्सर किंवा शॉकअॅब्सॉर्बर शोधणारा माणूस नेमकी तीच वस्तू शोधत असतो.

अपवाद दोन. लांब प्रवासासाठी सगळी पूर्ण सजवलेली गाडी तशीच विका, कारण घेणाऱ्याला ती तयारी स्वतः करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतील. आणि सस्पेन्शन बदललं असेल तर मूळ शॉकअॅब्सॉर्बर परत चढवण्याआधी तो तपासा. कोपऱ्यात वर्षभर आडवा पडलेला शॉकअॅब्सॉर्बर तेल गाळत असेल, तर तो बसवून तुम्ही गाडी अधिक वाईट करून विकाल.

पार्ट काढताना प्रत्येक ठिकाणचे बोल्ट, वॉशर आणि बुश वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवा. एक चुकीचा लांब बोल्ट इंजिनच्या अॅल्युमिनियममधला आटा कायमचा घालवतो.

५. मूळ पार्ट केव्हाच विकले किंवा हरवले. आता काय?

सगळे शोधत बसू नका. सायलेन्सर, नंबरप्लेटसह मागचं मडगार्ड, इंडिकेटर आणि आरसे हे चारच आधी पाहा, कारण तपासणीत आणि नोंदणीत बहुतेक ठिकाणी अडकतं ते यांच्यावरच. नवीन घेऊ नका. ज्यांनी स्वतःच्या गाड्या बदलल्या त्यांनी काढून ठेवलेले मूळ पार्ट स्वस्तात मिळतात. सायलेन्सर घेताना आतली जाळी खडखडते का ते हलवून पाहा, आणि जोडपाइपचा व्यास तुमच्या वर्षाच्या मॉडेलशी जुळतो का ते मोजा. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत तो वेगळा असू शकतो.

६. वायरिंग आपणच केली आहे. चालते व्यवस्थित. तरी अडचण येईल का?

येईल, आणि घेणारा जाणकार असेल तर सगळ्यात आधी इथेच. सीट उचलल्यावर टेपचे गुंडाळे, एकमेकांना पिळून जोडलेल्या तारा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर चढवलेले चार-पाच लूप दिसले की तो उरलेली गाडी त्याच नजरेनं पाहतो.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. जादा दिव्यांसाठी वेगळा रिले (छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) असू द्या. दिव्यांचा प्रवाह इग्निशन स्विचमधून ओढला की स्विचचे संपर्क तापून वितळतात. प्रत्येक जादा जोडणीला स्वतःचा फ्यूज, तोही बॅटरीपासून जास्तीत जास्त जवळ. जोड असतील तिथे योग्य मापाचे क्रिंप टर्मिनल आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी. हँडलच्या मानेपाशी जोड अजिबात नको, कारण तिथली तार प्रत्येक वळणावर वाकते आणि आतून तुटते, वरून साबूत दिसते.

मग मापं घ्या आणि लिहून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या लेड बॅटरीचा दाब १२.६ ते १२.८ व्होल्ट असावा. इंजिन वेगावर, दिवे चालू असताना, साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट. चावी बंद असताना बॅटरीच्या ऋण तारेत मालिकेत मीटर लावून गळती मोजा. बहुतेक गाड्यांत ती काही मिलिअँपियरच असते. जास्त दिसली तर एकेक फ्यूज काढत जा. ट्रॅकर किंवा चार्जिंगचा सॉकेट हे नेहमीचे गुन्हेगार.

७. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर आहे. याचा भावावर काय परिणाम?

नुसता सायलेन्सर असेल तर फारसा नाही. त्यावर मान्यतेचा शिक्का हवा आणि आवाज दाबणारा आतला तुकडा सोबत हवा. हा तुकडा काढून फेकला असेल तर अनेक देशांत गाडी रस्त्यावर बेकायदेशीर ठरते, आणि घेणारा नव्या सायलेन्सरचे पूर्ण पैसे वजा करतो.

खरा प्रश्न इंधनाचा आहे. हवा जास्त जायला लागली आणि इंधन तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि प्लगचं टोक पांढरं पडतं. कार्बोरेटरच्या गाडीत जेट (इंधन मापून सोडणारे छिद्राचे तुकडे) बदलले असतील तर त्यांचे क्रमांक लिहून द्या: मूळ कोणते, आता कोणते, सुईची खाच कितवी. व्हॅक्युमवर चालणाऱ्या कार्बोरेटरला सुटे उघडे फिल्टर लावले की मधल्या वेगात गाडी अडखळण्याची शक्यता मोठी असते. ते काढून मूळ एअरबॉक्स बसवणं हा जवळजवळ नेहमीच फायद्याचा सौदा. इंजेक्शनच्या गाडीत मॅप (इंधन केव्हा किती द्यायचं हे ठरवणारा संगणकातला तक्ता) बदलला असेल तर मूळ मॅपची फाइल जपा. मूळ सायलेन्सर चढवला तर मॅपही मूळ करा. पार्ट एक आणि मॅप दुसरा अशी गाडी विकणं घेणाऱ्यावर अन्याय आहे.

८. गाडी बुटकी केली आहे आणि हँडल उंच लावलं आहे. सांगायला हवं का?

सांगायलाच हवं, कारण दोन्ही सुरक्षेच्या गोष्टी आहेत. मागची लिंक (मागच्या सस्पेन्शनला जोडणारी पट्टी) बदलून गाडी २५-३० मिलिमीटर खाली आणली आणि पुढचे फोर्क तसेच ठेवले, तर स्टिअरिंगचा कोन सैल पडतो आणि गाडी वळायला जड होते. साइड स्टँड तोच असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्यानं दुसऱ्या बाजूला कोसळते. मूळ लिंक सोबत असेल तर उंच घेणाऱ्यांचंही गिऱ्हाईक मिळतं. लिंक लहानशी वस्तू आहे, ती नक्की जपा.

उंच हँडलात ब्रेकचा होज आणि केबल ताणल्या जातात. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज चढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. ती लांब मापाची घातल्याशिवाय गाडी कोणाला चालवायला देऊ नका.

९. मागची चेसी कापून लूप (वाकवलेली नळी) वेल्ड केला आहे. अशा गाडीला भाव मिळतो का?

मिळतो, पण पायाच्या खाली, आणि किती खाली ते कागद आणि वेल्डिंगवर ठरतं. मागचा भाग बोल्टवर निघणारा सबफ्रेम असेल तर जुना मूळ सबफ्रेम मिळवून लावता येतो, नुकसान मर्यादित राहतं. मुख्य चेसी कापली असेल तर मागे जाता येत नाही.

वेल्डचे जवळून, रंग न चढवता, स्वच्छ उजेडात फोटो काढा. आत नळीचा तुकडा घालून मग वेल्ड केलेला जोड आणि नुसता टोकाला टोक चिकटवलेला जोड यांत मोठा फरक आहे. तो फोटोत दाखवता आला तर दाखवा. पुट्टीखाली झाकलेला वेल्ड जाणकार माणूस चुंबकानं शोधतो. आणि चेसी नंबराच्या आसपास घासलेलं किंवा वेल्ड केलेलं असेल तर आधी नोंदणी कार्यालयात जा. तोवर ती गाडी विक्रीला काढूच नका.

१०. मीटर बदलला आहे, किंवा स्प्रॉकेट बदलल्यामुळे रीडिंग चुकलं आहे. किलोमीटर काय लिहू?

दोन्ही आकडे लिहा: जुन्या मीटरवर किती होते आणि नव्यावर किती झाले. जुना मीटर फेकू नका, तो गाडीसोबत द्या. बदलाच्या दिवशीचं गॅरेजचं बिल असेल तर उत्तम.

स्प्रॉकेटचा हिशोब असा. काही गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सजवळ असतो, काहींत चाकावर. चाकावर असेल तर दात बदलल्यानं रीडिंगला फरक पडत नाही. गिअरबॉक्सजवळ असेल आणि पुढचं स्प्रॉकेट १५ ऐवजी १४ दातांचं लावलं, तर मीटर सुमारे ७ टक्के जास्त दाखवतो. म्हणजे या बदलानंतर मीटरवर ३०,००० वाढले असतील तर गाडी प्रत्यक्षात २८,००० धावली आहे. उलट, मोठं पुढचं स्प्रॉकेट लावलं असेल तर खरं अंतर मीटरपेक्षा जास्त आहे. तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा.

११. विकण्याआधी काय दुरुस्त करावं आणि काय सोडून द्यावं?

स्वस्त आणि डोळ्यांना लगेच दिसणारं आधी: फोर्कचं गळकं ऑइल सील, संपलेले ब्रेक पॅड, ढिली चेन, विझलेला दिवा, अडकणारी क्लच केबल. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या मागून ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला तर ती संपली, आणि चेनसोबत दोन्ही स्प्रॉकेटही बदला. ब्रेकच्या डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरनं मोजून आकडा सांगता येतो. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते: ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी भरपूर आणि रबर जुनं कडक, असा टायर नवा म्हणून सांगू नका.

इंजिनाबद्दल शंका येऊ नये म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी) करून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा. एकाहून जास्त सिलिंडर असतील तर त्यांच्यातला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये थोडं तेल घालून पुन्हा मोजा. वाढला तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर दोष बहुधा व्हॉल्वमध्ये आहे.

पूर्ण रंगकाम, नवीन सीट कव्हर, क्रोम यांवर आता खर्च करू नका. नव्या रंगाखाली काय लपवलं आहे, असाच प्रश्न पडतो.

१२. कागदपत्रांत काय काय हवं?

नोंदणीचा मूळ कागद आधी गाडीशी ताडून पाहा. हल्लीच्या गाड्यांचा चेसी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. तो, इंजिन नंबर आणि रंग, तिन्ही जुळायला हवेत. रंग बदलला, इंजिन बदललं किंवा क्षमता वाढवली असेल तर बहुतेक देशांत ती नोंद करावी लागते. नोंद नसेल तर करून घ्या, नाहीतर हस्तांतर अडेल आणि तोवर गिऱ्हाईक थांबणार नाही. कर्ज फिटलं असेल तर तारण उतरवल्याचा दाखला घ्या. फिटलं नसेल तर जाहिरातीतच सांगा.

याशिवाय एक साधी फाइल करा. बसवलेल्या प्रत्येक पार्टचं नाव, मॉडेल क्रमांक, तारीख, त्या वेळचे किलोमीटर आणि बिल. सर्व्हिसच्या नोंदी. बदलाआधीचे आणि बदल चालू असतानाचे फोटो. आमच्या मते ही फाइल कुठल्याही महागड्या पार्टपेक्षा जास्त पैसे मिळवून देते.

१३. जाहिरात कशी लिहावी?

पहिल्या ओळीत मॉडेल, वर्ष, किलोमीटर, कितवा मालक. दुसऱ्या परिच्छेदात बदलांची यादी आणि कोणते मूळ पार्ट सोबत आहेत. तिसऱ्यात दोष, मोजून: टाकीवर दोन सेंटिमीटरचा पोचा, डाव्या फूटरेस्टला घासल्याची खूण. 'इतका खर्च केला' हे वाक्य टाळा, त्यानं कोणीही जास्त देत नाही. फोटो ढगाळ दिवशी किंवा सावलीत काढा: दोन्ही बाजू, पुढून, मागून, मीटर चालू करून, चेन-स्प्रॉकेट जवळून, सीटखालची वायरिंग आणि प्रत्येक दोष. मूळ पार्ट जमिनीवर मांडून त्यांचाही एक फोटो.

१४. माणूस गाडी बघायला येणार आहे. काय काळजी घ्यावी?

इंजिन आधी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालेलं त्याला दिसू द्या. चालवायला देण्याआधी त्याचा परवाना पाहा, विमा दुसऱ्या चालकाला लागू आहे का ते विचारून ठेवा आणि गाडीची पूर्ण किंमत हातात घ्या. ती तुम्ही जपून ठेवणार आणि गाडी सुखरूप आली की परत देणार, हे लिहून ठेवा. हे कोणाला खटकलं तर गाडी उभीच दाखवा. बदललेलं ब्रेक किंवा क्लच कसं लागतं ते निघण्याआधी समजावून सांगा.

१५. घासाघीस किती होऊ द्यावी?

प्रश्न २ मधला हिशोब हाच तुमचा आधार. तुमची शेवटची किंमत आधीच ठरवा आणि कागदावर लिहा. दोष दाखवून कोणी किंमत पाडत असेल तर त्या दुरुस्तीचा खरा खर्च विचारा आणि तेवढेच कमी करा. 'मला हे पार्ट नकोत' असं म्हणणाऱ्याला पार्ट काढून घेऊन, त्याच हिशोबातल्या किमतीनं गाडी द्या. ही तडजोड बऱ्याचदा दोघांनाही परवडते. विसार घेतला तर किती, कोणत्या तारखेपर्यंत आणि सौदा मोडला तर काय, हे पावतीवर लिहा.

१६. डीलरला दिली किंवा बदल्यात नवीन घेतली तर?

डीलर मूळ मॉडेलच्या दरपत्रकावरून बोलतो आणि बदल बहुधा शून्य धरतो, काही ठिकाणी उणे. म्हणून तिथे जाण्याआधी प्रश्न ४ प्रमाणे गाडी मूळ रूपात आणा. पैसे कमी मिळतात, वेळ आणि अनोळखी माणसांची ये-जा वाचते. कमिशनवर विकून देणारं दुकान हा मधला मार्ग. तिथे कमिशन, मुदत आणि किमान किंमत लेखी घ्या.

१७. नावाजलेल्या बिल्डरनं बनवलेली गाडी आहे. तिलाही हेच नियम?

इथे प्रश्न १ चा नियम मोडतो. बिल्डरचं काम ओळखलं जातं, त्याच्या हातची कागदोपत्री खूण आहे आणि गाडी रस्त्यावर कायदेशीर आहे, हे तिन्ही असेल तर पाया मूळ मॉडेलचा न धरता त्याच बिल्डरच्या आधी विकल्या गेलेल्या गाड्यांचा धरा. गिऱ्हाईक मात्र मोजके असतात, त्यामुळे लिलाव किंवा जाणकारांच्या वर्तुळात विकणं बरं. तीनपैकी एकही गोष्ट कमी असेल तर पुन्हा प्रश्न २ कडे या. जुन्या, संग्रहात ठेवण्याजोग्या मॉडेलचं उलट असतं: तिथे मूळ रंग, मूळ चेसी-इंजिनची जोडी आणि मूळ पार्ट यांनाच किंमत असते, आणि उत्तम हातानं केलेला बदलही भाव खाली आणतो.

१८. पूर्वी अपघात झाला होता, त्यानंतरच मॉडिफाय केली. सांगावं का?

होय, लेखी. काय वाकलं, काय बदललं, चेसी आणि फोर्क मोजून घेतले का, हे बिलांसह सांगा. अपघात लपवण्यासाठीच बदल केले असा संशय घेणाऱ्याला येतोच. स्टिअरिंगचा स्टॉपर (हँडल टोकाला थांबवणारा अडसर) चेपलेला आहे का, हँडल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे तो तपासणारच. विमा कंपनीनं गाडी पूर्ण नुकसानीत काढली असेल तर ती नोंद अनेक देशांत कायम राहते आणि भाव बराच कमी धरावा लागतो.

१९. विकल्यावर महिनाभरानं 'इंजिन बिघडलं, पैसे परत द्या' असा फोन आला तर?

विक्रीपत्र नीट असेल तर घाबरायचं कारण नाही. त्यात तारीख, वेळ, किलोमीटर, बदलांची पूर्ण यादी, सांगितलेले दोष आणि 'आहे त्या स्थितीत, पाहून-चालवून घेतली' हे वाक्य असावं, दोघांच्या सह्या आणि दोन प्रती. माहीत असलेला दोष लपवला असेल तर मात्र हे वाक्य अनेक देशांत वाचवत नाही. हस्तांतराची सूचना नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला त्याच दिवशी द्या, म्हणजे पुढचा दंड किंवा अपघात तुमच्या नावावर येणार नाही. ट्रॅकर किंवा मोबाइल अॅप गाडीला जोडलेलं असेल तर तुमचं खातं काढून टाका आणि घेणाऱ्यासमोर त्याचं खातं जोडून द्या.